पायाखालचं सागवान

आमच्या वाईच्या वाड्यात माडीवर पाऊल टाकलं, की तिसरी फळी कुरकुरते. सासूबाई खाली स्वयंपाकघरात बसून ओळखतात, कोण वर गेलं ते. नवी नवरी होते तेव्हा मला या फळीचा भारी राग यायचा. का, ते मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको!

मागच्या दिवाळीत धाकट्या भावोजींनी विषय काढला, "वहिनी, ती लाकडं काढू, स्लॅब घालू, वर छान टाइल्स." त्यांच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मात्र हौसेनं लाकडी जमीन केलेली. जाऊबाईंनी कौतुकानं दाखवली. वाकून बघते तर काय, ठरावीक अंतरावर तीच गाठ, तीच रेघ! भुसा दाबून केलेली पट्टी, तिच्यावर लाकडाचं छापील चित्र. स्वस्त पडतं, दोन दिवसांत बसतं, हे खरं. पण त्यावर रंधा मारता येत नाही, आणि सांध्यात पाणी मुरलं की कडा फुगतात. म्हणजे खरं सागवान काढायला निघालेले आमचे भावोजी घरात त्याचा फोटो अंथरून बसलेत! (तिथे मी गप्प बसले हो.)

घरी ठेकेदारानं दहा मिनिटांत निकाल दिला, "सगळं कुजलंय." मग मात्र माझी झोप उडाली. दर महिन्याला बचत गटाच्या पंचवीस-तीस बायका याच माडीवर बसतात. उद्या काही झालं तर?

शेवटी आमच्या जुन्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि फळीन् फळी टोचून पाहिली. चांगल्या लाकडात टोक शिरेना. मग खालून तुळया बघितल्या, खास करून भिंतीत गेलेली टोकं. ओल धरून कुजायला सुरुवात तिथूनच होते म्हणे. दोन फळ्या आणि एका तुळईचं टोक खराब निघालं. तिन्ही न्हाणीघराच्या भिंतीलगत.

"वयाचं काही नाही वहिनी, तुमचा नळ गळतोय."

सागाच्या गाभ्यात मुळातच तेल असतं, म्हणून वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र ती खाते. पेशव्यांनी शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या रानातला साग आणला होता. 1828च्या आगीत तो जळाला, ते वेगळं. आणि 2023मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनातही सागवान नागपूरचं आहे, जमिनीला त्रिपुराचा बांबू वापरलाय.

आधी नळ दुरुस्त केला. तुळईच्या टोकाला लोखंडी आधार दिला. शेजारच्या आळीत वाडा पाडत होते, तिथून जुन्या सागाच्या दोन फळ्या मिळाल्या. वर आलेले खिळे ठोकून आत घातले आणि रंधा फिरवला. काळ्या मेणचट थराखालून असा सोनेरी रंग निघाला म्हणून सांगू! वास तर घरभर. वर जवसाचं तेल दिलं. एक सांगते, त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून मगच फेका. आणि लाकडी जमिनीवर बादलीभर पाणी ओतायचं नाही, घट्ट पिळलेलं फडकं पुरतं.

काम संपत आलं तेव्हा काकांनी विचारलं, "तिसरीची कुरकुर पण काढू का? दोन स्क्रूचं काम आहे."

मी तोंड उघडायच्या आत खालून सासूबाईंचा आवाज आला, "तिला हात लावू नका!"