ऑपरेशनच्या आधी अंगातलं रक्त वाढवा : मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि लोह



"अंगात रक्त कमी आहे" हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये इतकं रोजचं झालंय की त्याची कुणाला भीतीच वाटत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्यामुळे एचबी 8 आला तरी सासू म्हणते, बाईमाणसाला असतंच. पण पाळी गेलेल्या बाईला आणि कुठल्याही वयाच्या पुरुषाला हे उत्तर लागू होत नाही. पाळी नाही, बाळंतपण नाही, तर मग रक्त जातंय कुठं? हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. बाईचा एचबी 12 च्या खाली आणि पुरुषाचा 13 च्या खाली गेला की त्याला रक्तक्षय म्हणतात.

दर वेळी कॅन्सरच असतो असं मुळीच नाही. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या आतड्यात हुकवर्म असतो. गुडघेदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तरी जठरातून रक्त झिरपतं. पण याच कारणांच्या रांगेत मोठ्या आतड्याचा कॅन्सरही उभा असतो. पोटाच्या उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ असेल तर रक्त थेंबाथेंबाने जातं आणि मळात मिसळतं, डोळ्यांना काही दिसत नाही. माणूस फक्त थकतो. चढ चढताना दम लागतो, चेहरा पांढराफटक पडतो. घरचे म्हणतात, वय झालं. गाठ डाव्या बाजूला असेल तर संडासला लाल रक्त दिसतं, मळ बारीक होतो, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ. त्याला आपण मूळव्याध म्हणून मोकळे होतो आणि जडीबुटीवाल्याकडे जातो. माझं स्पष्ट मत आहे, चाळिशीनंतर संडासवाटे रक्त गेलं तर दुर्बिणीची तपासणी झाल्याशिवाय मूळव्याध हे नाव घ्यायचं नाही. एक बारीक गोष्ट, जी सांगायची राहून जाते : लोहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून ती दुर्बिणीच्या साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते. गोळीने मळ काळा आणि चिकट होतो, आतडं नीट साफ होत नाही.

आता मुख्य मुद्दा. कॅन्सरचं निदान झालं, ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि एचबी 8. बऱ्याच घरांत असं ठरतं की रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या की झालं. मग पोरं रक्तदाते शोधत अहिल्यानगर, संगमनेर, नाशिक करत पळतात. एक पिशवी एचबी साधारण 1 ग्रॅमने वाढवते. खूप रक्तस्राव होत असेल, छातीत दुखत असेल, एचबी 7 च्याही खाली असेल तर पिशवी जीव वाचवते, त्यात वाद नाही. पण दुसऱ्याचं रक्त घेण्याचे धोके असतात. थंडी-ताप, रिअ‍ॅक्शन, आणि ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग वाढण्याची शक्यता. शिवाय पिशवीने आजचा आकडा वर जातो, पण ज्या कोठारातून रोज नवं रक्त तयार व्हायचं ते कोठार मोकळंच राहतं. ते कोठार म्हणजे लोह.

म्हणून निदान झालं त्याच दिवशी एचबीबरोबर फेरिटिन ही तपासणी करून घ्या. अंगात लोहाचा साठा किती आहे ते त्यातून कळतं. 30 च्या खाली असेल तर लोह संपलंच समजा. कॅन्सरमध्ये शरीराला सूज असते, तेव्हा फेरिटिन खोटं जास्त दिसू शकतं. म्हणून 100 पर्यंत असलं तरी डॉक्टर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन हा दुसरा आकडा बघतात. तो 20 टक्क्यांच्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरतात.

लोह देण्याचे दोन मार्ग आहेत. एक गोळी. स्वस्त, सरकारी दवाखान्यात फुकट. रोज एकदा किंवा एक दिवसाआड घेतली तर जास्त नीट शोषली जाते. दिवसातून तीनदा घेतल्याने फायदा वाढत नाही, मळमळ मात्र वाढते. चहा, पित्ताच्या गोळ्या, कॅल्शियम यांच्यापासून दोन तास लांब, लिंबाच्या पाण्याबरोबर. अडचण अशी की कॅन्सरच्या सुजेमुळे लिव्हर हेप्सिडिन नावाचं द्रव्य जास्त बनवतं आणि ते आतड्यातून लोह आत येण्याची वाटच बंद करतं. अशा वेळी गोळी खाल्ली तरी ती बरीचशी मळावाटेच जाते.

दुसरा मार्ग म्हणजे शिरेतून लोह. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी 1000 मिलिग्रॅमपर्यंत सुमारे 15 मिनिटांत देता येतं. आयर्न सुक्रोज जुनं आणि स्वस्त, ते 200 मिलिग्रॅमच्या हिशोबाने चार-पाच वेळा द्यावं लागतं. आपल्या बायकांना हे नवं नाही, गरोदरपणात सरकारी दवाखान्यात तेच लावतात. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसायचं. अंगावर गांधी, धाप, चक्कर आली तर लगेच नर्सला सांगायचं. सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग राहतो, म्हणून टोचलेल्या जागी आग झाली तर सहन करत बसू नका.

फायदा किती? खरं तेच सांगते. ब्रिटनमध्ये 46 दवाखान्यांत 474 रुग्णांवर पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी शिरेतून लोह देऊन अभ्यास झाला, तो 2020 मध्ये छापून आला. त्यात रक्त चढवण्याची गरज किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. पण एचबी वाढला, आणि घरी गेल्यावर पुन्हा दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी दिसलं. त्या अभ्यासात लोह कमी नसलेले रुग्णही होते, हे लक्षात ठेवायला हवं. 2023 मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 202 रुग्णांत गोळी आणि शिरेतलं लोह यांची तुलना केली. ऑपरेशनच्या दिवशी दोन्ही गटांत जेमतेम 17 टक्क्यांच्या आसपास लोकांचा एचबी पूर्ण बरा झाला होता. ऑपरेशननंतर महिन्याने मात्र शिरेतून लोह घेतलेल्यांत 60 टक्के, गोळीवाल्यांत 21 टक्के. म्हणजे लोहाला वेळ लागतो. आठवड्यानंतर फरक पडू लागतो, पूर्ण परिणाम तीन-चार आठवड्यांनी. म्हणूनच निदान ते ऑपरेशन या मधल्या दिवसांतला एकही दिवस वाया घालवायचा नाही. पण लोहासाठी कॅन्सरचं ऑपरेशन पुढे ढकलायचं का? ते फक्त सर्जनने ठरवायचं. पोट फुगलंय, उलट्या होतायत, संडास-वारा बंद आहे, तर लोहाचा विचार बाजूला ठेवून थेट मोठा दवाखाना गाठा.

अकोल्यातून, त्यातही राजूर-कोतूळच्या पुढच्या वाड्यांतून, मोठ्या ऑपरेशनला लांब जावं लागतं. एकेका फेरीची मजुरी बुडते. म्हणून सर्जनला पहिल्याच भेटीत विचारा, "डॉक्टर, रक्त कमी आहे, लोह शिरेतून द्यायचं का, आणि ते आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात देता येईल का?" चिठ्ठीवर लिहून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात, रेशनकार्ड आणि आधार पहिल्या दिवसापासून पिशवीत ठेवा.

खाण्याचं विचारतात. बोकडाची रक्ती, काळीज, वजडी या आपल्या ताटातल्या गोष्टींना लोकांनी नाकं मुरडली, पण मांसातलं लोहच शरीर सगळ्यात सहज घेतं. नाचणी, हुलगे, पालेभाजीही खावी, लिंबू पिळून. तरीही ऑपरेशन तीन आठवड्यांवर असताना नुसत्या खाण्याने एचबी 8 चा 12 होत नाही. गूळ-खजुराच्या भरवशावर राहू नका.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक सूचना. तिकडे आपल्या समाजात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. रक्त कमी असण्याचं कारण सिकलसेल असेल तर तपासणीशिवाय लोह घेणं बरोबर नाही, अंगात ते साठून बसू शकतं. आधी सिकलसेलची चाचणी, फेरिटिन, मग लोह.

ऑपरेशन झाल्यावर महिन्याने एचबी पुन्हा तपासा. केमोथेरपी लागणार असेल तर त्याआधीही. आणि घरी येताना डिस्चार्ज कार्डावर लोह कधी दिलं, किती दिलं हे लिहिलंय का ते बघा, नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या, कारण पुढच्या डॉक्टरला तेवढाच कागद दिसणार असतो.