काळा झगा, पांढरा झगा : शिबपूरचं बिशप्स कॉलेज
लेखमाला : पाळक घडवणाऱ्या शाळा (भाग 5)

मागच्या भागात आपण हुगळीकाठच्या श्रीरामपुरात होतो. मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम कॅरी आणि त्याचे बाप्टिस्ट सहकारी यांनी तिथे 1818 मध्ये कॉलेज काढलं. आज त्याच नदीच्या त्याच काठानं दक्षिणेला उतरायचं आहे, शिबपूरला. कंपनी सरकारच्या वनस्पती उद्यानाला लागून असलेल्या जागेत 15 डिसेंबर 1820 रोजी बिशप्स कॉलेजची कोनशिला बसली. श्रीरामपूरचे लोक चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरचे होते. हे कॉलेज मात्र त्या चर्चचंच, म्हणजे अँग्लिकन.

कल्पना थॉमस मिडलटन यांची. 1813 च्या सनदेनं कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि कलकत्त्याला बिशप नेमायचं ठरलं. मिडलटन हे पहिले बिशप. त्यांचा धर्मप्रांत केवढा होता याची आज कल्पना येत नाही. मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला तो 1837 मध्ये. तोवर पुण्यामुंबईचे अँग्लिकनही कलकत्त्याच्याच अखत्यारीत होते. एवढ्या मुलखाला इंग्लंडहून पाळक पुरणार नाहीत, इथलेच तरुण तयार करायला हवेत, हे मिडलटन यांनी ओळखलं. कॉलेजसमोर त्यांनी चार कामं ठेवली. ख्रिस्ती तरुणांतून उपदेशक आणि शिक्षक घडवायचे, हिंदू-मुसलमान मुलांना इंग्रजी आणि उपयुक्त विद्या द्यायची, बायबल आणि प्रार्थनापुस्तकाची भाषांतरं करायची आणि इंग्लंडहून नव्यानं येणाऱ्या मिशनऱ्यांना इथल्या भाषा शिकवायच्या. पैसाही भरपूर जमला. एसपीजी या धर्मप्रसार संस्थेनं 5,000 पौंड दिले, आणखी काही संस्थांनी तितकेच दिले आणि राजाच्या आज्ञापत्रानं इंग्लंडभरच्या चर्चमधून सुमारे 45,000 पौंड गोळा झाले.

एक अडचण मात्र मुळातच होती. भारतीय माणसाला पाळकपदाची दीक्षा देण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला नाही, असं खुद्द मिडलटन यांचं मत होतं. पाळक घडवण्याची शाळा उभी राहत होती आणि तिचा संस्थापकच तिच्या विद्यार्थ्यांना पाळक करू शकत नव्हता. पार्लमेंटनं 1823 मध्ये कायदा करून ही कोंडी सोडवली. मिडलटन त्याआधीच, जुलै 1822 मध्ये वारले होते. त्यांच्यानंतर आलेल्या बिशप रेजिनाल्ड हीबर यांनी कॉलेजवर तशीच माया केली, पण 1826 मध्ये तेही गेले.

इमारत ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वळणाची होती. गॉथिक कमानी, चॅपल, ग्रंथालय, सगळ्यांनी एकत्र जेवायचा हॉल. दिवसाची बांधणीही तशीच: सकाळ-संध्याकाळ चॅपलमध्ये उपासना, मध्ये ग्रीक, लॅटिन आणि ईश्वरविज्ञानाचे पाठ, जोडीला संस्कृत किंवा प्रांतातली भाषा. शहर नदीपलीकडे, होडीनं जायचं. हुगळीवर पूल नव्हता. कलकत्त्याच्या गजबजाटापासून मुलांना दूर ठेवायचा हेतू त्यानं साधला, पण शहरातल्या घडामोडींपासूनही कॉलेज दूर पडलं. विद्यार्थी फार थोडे असत. एवढ्या मोठ्या खर्चाच्या मानानं हे अपयशच, अशी टीका सुरुवातीपासून झाली. मला ती अपुरी वाटते, कारण या कॉलेजचं मोल तिथे कोण राहून गेलं यावर ठरतं.

पहिले प्राचार्य विल्यम हॉज मिल यांच्यापासूनच सुरुवात करावी. केंब्रिजचा हा विद्वान इथे येऊन संस्कृतात इतका मुरला की त्यानं 'ख्रिष्टसंगीता' हे येशूचं चरित्र अनुष्टुभ छंदात रचलं, पुराणासारखं गुरुशिष्यसंवादाच्या रूपात. अलाहाबादच्या स्तंभावरची समुद्रगुप्ताची प्रशस्ती आज शाळेच्या पुस्तकातही भेटते. तिचा पाठ लावून 1834 मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापणारे हेच मिल. पाळकांच्या शाळेचा प्राचार्य गुप्तांचा इतिहास उजेडात आणण्याच्या कामी लागतो, असं त्या काळात घडत होतं.

मिल यांच्या संस्कृत प्रयोगाचा धागा आपल्यापर्यंतही येतो. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन जॉन म्यूर या मुलकी अधिकाऱ्यानं 1839 मध्ये 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती मताचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याला संस्कृतातच उत्तरं देणाऱ्यांत दोघे मराठी होते. एक, माळव्यातल्या सीहोरचे सुबाजी बापू. 'सोमनाथ' या नावानं लिहिणारे ते हेच, असं अभ्यासक मानतात. दुसरे काशीचे तरुण चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे. पुढे 1848 मध्ये गोरे स्वतःच ख्रिस्ती झाले, नेहेम्या गोरे म्हणून पाळक झाले आणि पंडिता रमाबाईंच्या विचारांवर त्यांचा खोल ठसा उमटला. ती कथा स्वतंत्र लेखाची आहे.

आता विद्यार्थी. मेस्रोप तागिआद्यान हा येरेवानकडचा आर्मेनियन तरुण. त्याला हीबर यांनी आधार दिला. तो 1826 ते 1830 इथे शिकला, पुढे पुन्हा कलकत्त्याला परतला आणि आर्मेनियन भाषेत नियतकालिक काढून नामवंत लेखक झाला. कृष्णमोहन बॅनर्जी हा हिंदू कॉलेजातले शिक्षक डिरोझिओ यांच्या मंडळातला बंडखोर. मित्रांच्या आगळिकीमुळे 1831 मध्ये त्याला घराबाहेर पडावं लागलं, पुढच्या वर्षी त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि या कॉलेजात शिकून तो अँग्लिकन पाळक झाला. पुढे 1852 पासून सोळा वर्षं त्यानं इथेच अध्यापन केलं.

आणि मायकेल मधुसूदन दत्त. फेब्रुवारी 1843 मध्ये त्यानं बाप्तिस्मा घेतल्यावर हिंदू कॉलेजचं दार त्याला बंद झालं. 1844 च्या अखेरीस तो इथे आला. पाळक व्हायचं नव्हतं. तो साधा विद्यार्थी होता आणि फी वडील भरत. ग्रीक, लॅटिन, संस्कृत तो इथे शिकला. होमर आणि व्हर्जिल मुळातून वाचायची ताकद या वर्षांतली आहे, आणि तिच्याशिवाय त्याचं 1861 चं 'मेघनादवध' हे बंगाली महाकाव्य जसं आहे तसं झालं नसतं, असं मी ठामपणे म्हणेन.

त्याचा पोशाखाचा प्रसंग कृष्णमोहनांनी नंतर सांगून ठेवला आहे. कॉलेजचा गणवेश म्हणजे काळा झगा आणि चौकोनी टोपी. तो युरोपीय मुलांसाठी. देशी मुलांनी पांढरा झगा घालावा, असं चालकांचं म्हणणं. मधुसूदन म्हणाला, एक तर सगळ्यांचा तोच पोशाख मी घालीन, नाहीतर माझ्या देशाचा. आणि खरोखरच तो एके दिवशी रेशमी काबा आणि शालीचा रंगीत फेटा अशा थाटात आला. अखेरीस चालकांनी नमतं घेतलं आणि त्याला काळा झगा मिळाला.

मला या प्रसंगात कॉलेजचा सगळा पेच दिसतो. प्रभूच्या मेजाशी सगळे सारखे, हे चॅपलमध्ये शिकवायचं आणि चॅपलबाहेर झग्याचा रंग वेगळा ठेवायचा. असं करणारी माणसं दुष्ट नव्हती. आयुष्यं त्यांनी इथेच वेचली. पण इंग्लिश पाळक आपल्या हातानं घडतो तसाच भारतीय पाळक घडेल, फक्त एक पायरी खाली, हा त्यांचा समज इतका पक्का होता की तो त्यांना जाणवतही नसे. वडिलांनी पैसे थांबवल्यावर मधुसूदन मद्रासला निघून गेला. कृष्णमोहन राहिले आणि प्राध्यापक म्हणून त्याच वर्गांत उभे राहिले. या दोन वाटांपैकी दुसरी अधिक अवघड होती, असं मला वाटतं.

1880 मध्ये सरकारनं शिबपूरची वास्तू अभियांत्रिकी कॉलेजसाठी घेतली. आज तिथे आयआयईएसटी ही संस्था आहे. बिशप्स कॉलेज नदी ओलांडून कलकत्त्यात आलं. त्याचा आजचा पत्ता आचार्य जगदीशचंद्र बोस रोडचा. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट आणि इतर काही मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आणि कॉलेज त्या संयुक्त चर्चचं झालं. तिथल्या विद्यार्थ्यांना पदवी मिळते ती श्रीरामपूरच्या सिनेटची, म्हणजे मागच्या भागातल्या बाप्टिस्टांनी सुरू केलेल्या विद्यापीठाची.

पुढच्या भागात बार्बाडोस बेटावरचं कॉड्रिंग्टन कॉलेज. शिबपूरला 5,000 पौंड देणाऱ्या एसपीजीकडेच तिथले उसाचे मळे होते, आणि त्या मळ्यांवर राबणारे गुलामही.