डोटा म्हणजे पब्जी नव्हे, रमी तर नव्हेच

पुण्यात कोथरूड असो की वाकड, मुलगा हेडफोन लावून संगणकासमोर बसला की आतून येणारी हाक ठरलेली: ‘बंद कर ते पब्जी!’ पब्जी मोबाइलवर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजीच बंदी घातली. त्या गेमचा भारतीय अवतार पुढे आला, तोही मध्ये अडवला गेला आणि परतला. पण समोरचा मुलगा कदाचित यातलं काहीच खेळत नसतो. तो ‘डोटा २’ खेळत असतो, आणि या खेळाविषयीचे बहुतेक गैरसमज या एका हाकेपासूनच सुरू होतात.

पब्जीत शंभर जण बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. डोटात पाच विरुद्ध पाच. नकाशाच्या दोन कोपऱ्यांत दोन तळ, त्यांना जोडणाऱ्या तीन लेन आणि प्रत्येक तळात ‘एन्शंट’ नावाची वास्तू. समोरच्याची वास्तू पाडली की डाव संपला. खेळाडूकडे सैन्य नसतं, एकच हिरो असतो. सव्वाशेच्या आसपास हिरोंमधून तो निवडायचा. दर अर्ध्या मिनिटाला क्रीप नावाचे शिपाई आपोआप निघतात. त्यांच्यावर शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्याचं. समोरच्याला तो लाभ मिळू नये म्हणून आपलाच मरणासन्न शिपाई आपणच संपवायचा, असाही डावपेच चालतो. बाकी नकाशा अंधारात. तिथे काय शिजतंय हे दिसावं म्हणून ‘वॉर्ड’ पेरावे लागतात. ते काम ‘सपोर्ट’ म्हणवणाऱ्या खेळाडूचं. तो तुटपुंज्या सोन्यावर दिवस काढतो, म्हणजे संघाचा मुख्य लढवय्या, ‘कॅरी’, श्रीमंत होतो आणि डावाच्या उत्तरार्धात एकहाती लढतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना ही वाटणी समजावून सांगायची गरज नाही.

हे सगळं २००३च्या सुमारास ‘वॉरक्राफ्ट ३’ या लष्करी डावपेचांच्या गेमवर एका हौशी चाहत्याने बनवलेल्या नकाशातून निघालं. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘डोटा २’ अधिकृतपणे आला जुलै २०१३मध्ये.

दुसरा समज असा की हा बोटांच्या चपळाईचा खेळ, डोक्याला त्यात काम नाही. याला उत्तर मिळालं १३ एप्रिल २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत. ‘ओपन-एआय’च्या संगणकीय संघाने तत्कालीन जगज्जेत्या ‘ओजी’ संघाला २-० हरवलं. यंत्राचा प्रतिसाद मुद्दाम माणसाच्या आसपास, सुमारे २०० मिलिसेकंदांवर ठेवला होता, म्हणजे नुसत्या वेगाने जिंकायची सोय नव्हती. तरीही यंत्राची तयारी किती? दहा महिन्यांत सुमारे ४५,००० वर्षांचा सराव. तोही फक्त १७ हिरोंपुरता. प्रयोगकर्त्यांनीच दिलेला हिशेब आहे: बुद्धिबळाचा डाव साधारण ४० चालींत संपतो, ‘गो’ हा पटावरचा खेळ १५०मध्ये, आणि डोटात यंत्राला एका डावात सुमारे २०,००० निर्णय घ्यावे लागतात. गंमत म्हणजे मेलेला हिरो सोनं मोजून लगेच जिवंत करण्याची सोय अनुभवी खेळाडू डावाच्या शेवटासाठी राखून ठेवतात. यंत्र ती सुरुवातीलाच उधळत होतं आणि जिंकत होतं. हरलेल्या ‘ओजी’ने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शांघायला सलग दुसरं जगज्जेतेपद घेतलं.

‘पैसे ओतले की जिंकता येतं’ हेही खरं नाही. गेम फुकट, सगळे हिरो फुकट. पैसे लागतात ते हिरोला नटवायला. मात्र हा नट्टापट्टा कधी कधी नशिबाच्या पेट्यांतून विकला जातो. पालकांनी लक्ष ठेवायचंच असेल तर इथे ठेवावं.

सर्वात जास्त नुकसान करणारी गल्लत जुगाराची. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना वेगळं स्थान आहे: प्रवेश शुल्क चालतं, कामगिरीवर बक्षीसही चालतं, पैज चालत नाही. डोटाच्या स्पर्धा या कप्प्यात येतात. त्याआधीच, डिसेंबर २०२२मध्ये, बहुक्रीडा स्पर्धांमधले ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत गेले होते. महाराष्ट्राने मात्र या दोन कप्प्यांची अजब सरमिसळ पाहिली. जुलै २०२५मध्ये विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्यावर झाला, त्यांनी तो फेटाळला, आणि काही दिवसांतच त्यांच्याकडे खातं आलं ते क्रीडा.

भारताच्या डोटा पदकाबद्दलही थोडं सैल बोललं जातं. ऑगस्ट २०२२मध्ये बर्मिंगहॅमला मोईन एजाझच्या नेतृत्वाखालच्या भारतीय डोटा संघाने न्यूझीलंडला हरवून कांस्य जिंकलं, हे खरं. पण ती राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स अजिंक्यपद स्पर्धा होती. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेच्या सोबतीने भरली तरी तिची पदकं वेगळी. भारताच्या तेव्हाच्या ६१ पदकांत हे कांस्य मोजलेलं नाही. यश छोटं होत नाही, पण ते कुठलं हे नीट सांगायला हवं. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ साली, डोटा पूर्ण पदकांचा खेळ होता. तिथे सुवर्ण चीनने नेलं.

मग करिअरची स्वप्नं. २०२१च्या ‘द इंटरनॅशनल’ या डोटाच्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेचं बक्षीस ४ कोटी डॉलरच्या वर होतं आणि हा आकडा अजूनही फिरतो. तो फुगला होता चाहत्यांच्या खरेदीतल्या २५ टक्के वाट्यामुळे. ती पद्धत बदलली आणि २०२४ला रक्कम २६ लाख डॉलरच्या घरात आली. २०२२ला मुंबईच्या ‘एंटिटी’ संघाचं नाव या स्पर्धेत झळकलं, पण खेळणारे पाचही जण परदेशी होते. एप्रिल २०१९मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये ३ लाख डॉलर बक्षिसाची ‘ईएसएल वन’ ही डोटा स्पर्धा झाली, म्हणजे पुण्याहून एक्स्प्रेसवेने गाठता येईल अशा अंतरावर. चषक तिथेही परदेशी संघानेच उचलला.

पुण्यात पगार मिळतो तो मुख्यतः गेम बनवणाऱ्यांना. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ इथे २००८पासून आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या नव्या आवृत्तीचं काम आधी इथल्या आणि मुंबईच्या चमूकडे होतं, ते मे २०२२मध्ये माँट्रियलला गेलं. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने ऑक्टोबर २०२४मध्ये ‘इंडस’ हा पब्जीच्या धर्तीचा ‘बॅटल रोयाल’ गेम आणला. प्रोग्रॅमर, चित्रकार, ध्वनी संयोजक, चाचणी करणारे, या नोकऱ्या खऱ्या आहेत. त्यांच्यासाठी डोटाची क्रमवारी कुणी विचारत नाही.

राहिला व्यसनाचा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. ती यादी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. पण निदानाची अट कडक आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्यापेक्षा गेमला प्राधान्य, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर. सुट्टीत तीन डाव खेळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही.

‘पान वाढलंय, तो गेम थांबव’ हेही जमण्यातलं नाही. डोटात पॉज आहे, पण समोरचा संघ तो काही सेकंदांत उठवू शकतो. डाव अर्धवट सोडला तर चार सोबती अडचणीत येतात आणि पळालेल्याची रवानगी कमी प्राधान्याच्या रांगेत होते. तिथून सुटायला ठरावीक डाव जिंकावे लागतात. एक डाव साधारण चाळीस मिनिटांचा. तेव्हा जेवायची हाक डाव सुरू होण्याआधी मारावी, किंवा कुकर लावतानाच विचारून घ्यावं, कितवं मिनिट चालू आहे.