पॅकेजच्या पोटात (लेखांक ८) : बिल्ड करताना गळलेली वेलांटी

पायथनच्या पिलो या पॅकेजने चित्रावर ‘आदिलाबाद जिल्हा’ एवढेच छापून पाहा. दोन संगणकांवर दोन निकाल येऊ शकतात. एकावर मजकूर नीट उमटतो. दुसऱ्यावर ‘दि’ची वेलांटी ‘द’ ओलांडून पुढच्या ‘ला’ला जाऊन चिकटते आणि ‘ल्हा’ फुटून पायमोडका ल आणि सुटा हा उरतो. फॉन्ट तोच, आवृत्तीही तीच असते. वेगळे असते ते बिल्ड.

सोर्स कोडचे पॅकेज होताना काही सोयी ऐच्छिक असतात. हवी ती लायब्ररी सापडली तर सोय आत येते, नाही तर काम तिच्याशिवाय पुढे जाते. पिलोत राक्म ही लायब्ररी असली, तर ती हार्फबझकडून जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसवून घेते. नसली, तर पिलो मुकाट्याने ‘बेसिक’ मांडणीवर येते आणि अक्षरे टाइप झाली त्याच क्रमाने ठेवते. २०२१च्या ८.२ आवृत्तीपासून तयार पॅकेजात राक्म असते, पण तिला फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते आणि विंडोजवर ती वेगळी बसवावी लागते.

पिलोच्या दस्तऐवजात हे सगळे आहे. मात्र तिथे राक्मची ओळख आहे ती दुहेरी दिशेचा मजकूर आणि शेपिंग अशा शब्दांत. आदिलाबादेत मराठी-तेलुगू प्रमाणपत्रांची स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मुलीला दिसते ती सरकलेली वेलांटी. तेलुगूत ‘जिल्ला’ लिहिताना दुसरा ल पहिल्याखाली जायला हवा, तोही जात नाही. तिने शोधायचे कोणत्या शब्दाने? माझ्या मते दस्तऐवजाची खरी परीक्षा इथेच होते. ‘ही सोय नसेल तर देवनागरी, तेलुगू मजकूर असा मोडतो’ हे वाक्य आणि शेजारी मोडक्या मजकुराचे चित्र, एवढे तरी हवेच.

याच आदिलाबाद जिल्ह्यातल्या नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांतली गोंडी लिपी जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११.० आवृत्तीत आली. तिचा नोटो फॉन्टही आहे. पण जोडाक्षरे जुळवणारी सोयच बिल्डमधून गळली, तर गोंडी मजकूर मोडकाच उमटणार. मोजक्या लोकांना वाचता येणाऱ्या लिपीत ही चूक पकडणार कोण?

बिल्डमध्ये काय आहे, काय नाही हे सांगण्याचे चांगले नमुने आहेत. विम आपल्या आवृत्तीसोबत प्रत्येक सोयीपुढे अधिक किंवा उणे चिन्ह दाखवतो. एफएफएमपेग सुरू होतानाच बिल्डचे पर्याय छापतो. जेंटू या लिनक्स वितरणात ऐच्छिक सोयी निवडण्याच्या यूज फ्लॅगचे एका ओळीत वर्णन असते, पण पुष्कळदा ते ‘अमुक लायब्ररीचा आधार’ यापुढे जात नाही.

पिलो वापरत असाल तर काम सुरू करण्यापूर्वी त्याचे फीचर्स मॉड्यूल चालवा आणि राक्मच्या ओळीत काय येते ते पाहा. आणि तुम्ही स्वतः पॅकेज बनवत असाल, तर वगळलेल्या प्रत्येक सोयीपुढे वापरणाऱ्याला पडद्यावर काय बिघडलेले दिसेल, ते त्याच्या भाषेत लिहा.