परसातला अनोळखी गुलाब ओळखायचा कसा?

वाई-मिरजेच्या वाड्यांच्या परसात, पाचगणीच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात एखादा तरी गुलाब असा असतो, ज्याला ‘आजीचा गुलाब’ यापलीकडे नाव नसतं.

जुना म्हणजे किती जुना?

गुलाबाचे जाणकार १८६७ हे वर्ष धरतात. त्या साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ हा ‘हायब्रीड टी’ या आधुनिक वर्गातला पहिला गुलाब आला; त्याआधीचे वर्ग ते जुने. म्हणजे ‘ग्लॅडिएटर’ (१९५५) किंवा शेंदरी ‘सुपरस्टार’ (१९६०) आजीनं स्वतः लावला असला, तरी तो नवाच.

आधी बुंधा बघा

रोपवाटिकेतला गुलाब बहुधा डोळा भरलेला असतो : खाली काटक खुंट, वर हवी ती जात. हेळसांड झाली की वरची जात मरते आणि खुंटाचे फुटवे झाड बळकावतात. खुरप्यानं बुंध्याची माती सारा. गाठ दिसते का? फांद्या तिच्या खालून निघत असतील, तर तुमच्याकडे उरलाय तो खुंट. नाव शोधणाऱ्यांची फसगत इथेच होते.

पण खुंट म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे खुंटासाठी वापरला जाणारा ‘एडवर्ड’ हा अस्सल जुना बूरबाँ गुलाब आहे. हिंदी महासागरातल्या रेयुनियन, म्हणजे तेव्हाच्या बूरबाँ बेटावर चिनी आणि दमास्क गुलाबांच्या संकरातून हा वर्ग जन्मला आणि १८१९च्या सुमारास त्याचं बी पॅरिसला पोचलं. गुलाबी, घमघमणारा, पुन्हा पुन्हा फुलणारा.

मग पान

पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही अंगांना हिरवी पट्टी चिकटलेली असते. तिची कड कंगव्यासारखी झालरदार असेल, तर झाडात मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा अंश आहे. चिनी वळणाचं पान गुळगुळीत, चकचकीत. दमास्कचं मऊ, फिकट, खालून लवदार.

वर्षभराची नोंद

बहर एकदाच येतो की बारमाही, फळ धरतं का, काटे सरळ की आकडेदार, हे लिहून ठेवा. वास सकाळी, ऊन चढायच्या आत घ्यावा. मोबाइल नुसत्या फुलावरून नाव सांगतो, त्यावर विसंबू नये. गुलाबी गुलाब शेकड्यांनी आहेत.

नाव जुळलं नाही तर

‘वाई गुलाबी’ असं गावावरून कामापुरतं नाव द्या. जगभर हीच रीत आहे. आणि वाडा पाडायला काढला असेल, तर आधी पेन्सिलीएवढ्या जाड चार काड्या कापून कुंडीत लावा. ओळख नंतरही पटवता येईल.