नाबाद रुग्णांचा हिशेब

एका वाचकांनी विचारलं आहे : ‘कर्करोगाच्या नव्या औषधाची बातमी आली की रुग्ण सरासरी किती महिने जगले ते लिहिलेलं असतं. पण अभ्यास संपला त्या दिवशी जे जिवंतच होते, त्यांचे महिने मोजले कसे?’

प्रश्न बिनतोड आहे, आणि क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याचं निम्मं उत्तर ठाऊक असतं. ब्रॅडमनच्या ८० कसोटी डावांत ६९९६ धावा. सरळ भागाकार केला तर ८७.४५ येतात, जगाला पाठ आहेत ते मात्र ९९.९४. कारण दहा डावांत तो नाबाद राहिला, आणि आपण धावांना भागतो ते ७० ने, म्हणजे तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने. नाबाद ४० म्हणजे ‘निदान ४०’. त्या धावा वर धरायच्या, डाव खाली धरायचा नाही. बाद होण्याचा धोका पहिल्या धावेपासून शंभराव्या धावेपर्यंत सारखाच असेल, तर संख्याशास्त्रही नेमकं हेच सूत्र देतं. पण तो सारखा नसतो, हे मैदानावर शून्यावर परतलेल्या कुणालाही विचारा.

धोका बदलता असला तरी चालेल अशी रीत १९५८ मध्ये छापून आली. बेल लॅबमधले एडवर्ड कॅप्लन समुद्राखालच्या टेलिफोन केबलींमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतात ते पाहत होते. पॉल मायर कर्करोगाच्या रुग्णांचा विचार करत होते. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच नियतकालिकाकडे लेख पाठवले. संपादकांनी सांगितलं, दोन्हींचा मिळून एकच करा. मग काही वर्षं टपालाने खल चालला. रीत साधी आहे. विकेट पडली की एवढंच विचारायचं : या घटकेला खेळपट्टीवर किती जण होते आणि त्यांतले किती टिकले? ते प्रमाण आधीच्या प्रमाणाला गुणत जायचं. नाबाद परतलेला माणूस परतेपर्यंत मोजणीत असतो, पुढे नसतो.

कॅप्लन आणि मायर यांचं नाव अमर झालं, वय किंवा उपचार यांसारख्या गोष्टींनी हा धोका किती बदलतो याचं १९७२ चं समीकरण देणाऱ्या डेव्हिड कॉक्स यांचंही. पण ही गणितं रोज ज्याच्यावर चालतात ते सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस शोधनिबंधांच्या बारीक अक्षरांत हरवतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे टेरी थर्नो यांनी १९८० च्या दशकात ‘एस’ या संगणकभाषेत हे काम सुरू केलं. आज त्यांचं ‘सर्व्हायव्हल’ पॅकेज ‘आर’ या मोफत प्रणालीसोबतच येतं. माझ्या मते त्यांचं ऋण कॉक्स यांच्याहून फारसं कमी नाही.

त्या पॅकेजमध्ये सरावासाठी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २२८ रुग्णांची माहिती आहे. १६५ दगावले, ६३ नाबाद. गंमत म्हणजे त्यात जिवंत रुग्णापुढे १ आणि मृतापुढे २ असा आकडा आहे. सगळीकडे ० आणि १ असताना हे काय? तर जुन्या आयबीएम संगणकावरची फोरट्रान भाषा छिद्रपत्रावरची मोकळी जागा शून्य समजायची. ‘माहिती नाही’ आणि ‘शून्य’ यांत फरकच कळेना, म्हणून मेयोच्या संख्याशास्त्र विभागाने शून्य लिहायचंच नाही असं ठरवलं. छिद्रपत्रं गेली, फोरट्रान मागे पडली, सवय राहिली. (आपल्या सरकारी अर्जांतले काही रकाने असेच कुणाच्या तरी सवयीचे वारस असावेत.)

याच माहितीवर वाचकांचा प्रश्न तपासता येतो. फक्त दगावलेल्या १६५ जणांचे दिवस घेतले तर मध्यक येतो २२६ दिवस. नाबादांना त्यांचा हक्क दिला की तोच होतो ३१० दिवस. बातम्यांतली ‘सरासरी’ बहुतेक वेळा हाच मध्यक असतो : निम्मे रुग्ण ज्या दिवसापर्यंत जगले तो दिवस.

पण सॉफ्टवेअरला एक गोष्ट कळत नाही, आणि कितीही महागडं घेतलं तरी कळणार नाही : माणूस नाबाद का परतला? क्रिकेटमध्ये चेंडू लागून तंबूत गेलेलाही नाबादच लिहितात. तसाच तब्येत ढासळली म्हणून किंवा उपचार परवडेनात म्हणून गावी परतलेला रुग्ण. अभ्यास संपताना धडधाकट असलेल्याच्याच रकान्यात तोही बसतो. असे पुष्कळ असतील तर औषध आहे त्याहून गुणकारी दिसू लागतं.

ज्यांना स्वतः हात घालून पाहायचा असेल त्यांनी पुण्यातल्या जयंत देशपांडे आणि सुधा पुरोहित यांचं २००५ चं इंग्रजी पुस्तक जरूर मिळवावं. ‘आर’ वापरून ही गणितं कशी करायची ते त्यात दाखवलं आहे. बाकीच्यांनी निदान एवढं करा. शोधनिबंधात जिन्यासारखा उतरत जाणारा आलेख दिसला की त्या पायऱ्यांवरच्या बारीक उभ्या रेघा शोधा. ती नाबाद माणसं. औषधाचं कौतुक वाचण्याआधी त्या किती आहेत ते पाहा, आणि सुरुवातीलाच त्यांची गर्दी असेल तर ती माणसं कुठे गेली ते लेखात लिहिलंय का, हेही.