दोन घड्याळे आणि दोन जनरेटर

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. एक जनरेटर पुरत नाही म्हणून शेजारी दुसरा आणला, तर दोघांच्या तारा एकत्र जोडून दुप्पट वीज मिळेल का?

हा प्रश्न आता आपल्याकडेही येऊ लागला आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरचे घर घेऊन फिरणाऱ्यांसाठी जळगावहून पहूरमार्गे फर्दापूर-अजिंठ्याचा रस्ता सोयीचाच आहे. पण खानदेशातला मे महिना! पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की त्या पत्र्याच्या खोलीत एसीशिवाय बसवत नाही. हाताशी २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर असतो. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर त्यातून १६०० वॉट मिळतात. १ टनाचा एसी चालताना हजार-बाराशे वॉट घेतो, पण साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. त्यात फ्रीज, पंखा, दिवे. जनरेटर गुदमरतो. मग कुणीतरी म्हणतो, ‘‘अहो, दुसरा आणा आणि जोडा!’’

इथे जरा थांबू आणि आपल्या ओळखीच्या माणसाकडे जाऊ. १६६५ मध्ये हॉयगेन्स हा डच शास्त्रज्ञ आजारपणात अंथरुणावर पडून होता. त्याला दिसले की एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकांची घड्याळे थोड्या वेळाने आपोआप एका तालात येतात. गंमत अशी, की ताल एकच, पण एक लंबक डावीकडे जाई तेव्हा दुसरा उजवीकडे. म्हणजे ‘ताल जुळणे’ आणि ‘पाऊल जुळणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात ठेवा.

पुढे १६९६ मध्ये लाइब्निट्झने मन आणि शरीर यांच्या मेळाबद्दल बोलताना दोन घड्याळांचाच दाखला घेतला. तो म्हणतो, दोन घड्याळे तीन प्रकारे जुळू शकतात. एक, त्यांचा एकमेकांवर परिणाम होतो. दोन, कुशल कारागीर सतत शेजारी उभा राहून ती जुळवत राहतो. तीन, दोन्ही मुळातच इतकी बिनचूक घडवलेली असतात की जुळवावी लागतच नाहीत. लाइब्निट्झने तिसरा पर्याय निवडला.

आपल्या दोन जनरेटरवालाही नकळत तोच निवडतो. ‘‘दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, दोन्हीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलंय. मग जुळणार नाहीत कसे?’’ नाही जुळत. का, ते पाहू.

दोन ध्रुवांचा जनरेटर मिनिटाला ३००० फेरे फिरला की ५० हर्ट्झची वीज देतो. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रातली अजस्र जनित्रेही ३००० फेऱ्यांनीच फिरतात आणि हातात उचलून नेता येणारे छोटे यंत्रही. पण छोट्या इंजिनाचा वेग भारानुसार हलतो. समजा एक ५० वर आहे आणि दुसरे ५०.५ वर. मग दर दोन सेकंदांत त्यांची पावले एकदा जुळतील आणि एकदा बरोबर उलटी पडतील. उलट्या क्षणी तारा जोडल्या, तर दोघांमधला दाब २३० नव्हे, ४६० व्होल्टचा होतो. तोही फ्रीज-पंख्यावर नव्हे, थेट एकमेकांच्या गुंडाळ्यांवर. वायंडिंग जळते, इंजिनाला हिसका बसतो, आगही लागू शकते.

नशिबाने पावले जुळली तरी संकट टळत नाही. एकाच जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक बसला, की दुसऱ्याला तो ओढावा लागतो. एका इंजिनातले पेट्रोल संपले, की दुसरा जनरेटर त्याला मोटरसारखा फिरवू लागतो. मोठ्या संचांना हे ओळखून तोडणारा रिले असतो, साध्या पेट्रोल जनरेटरला नसतो.

मग वीज केंद्रांत हे कसे जमते? तिथे लाइब्निट्झचा दुसरा आणि पहिला पर्याय एकत्र येतो. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि पाऊल, तिन्ही तपासून मगच स्विच जोडला जातो, आणि जोडल्यावर यंत्रे एकमेकांना तालात धरून ठेवतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी असेच एका तालात जोडले गेले.

लहान यंत्रांत हे काम ‘इन्व्हर्टर जनरेटर’ करतो. तो इंजिनाची वीज आधी डीसी करतो आणि इलेक्ट्रॉनिक्सने पुन्हा स्वच्छ एसी बनवतो. समांतर जोडणीची सोय असलेला दुसरा संच पहिल्याची लहर पाहून आपली लहर जुळवतो. कारागीर यंत्राच्या आतच बसवलेला आहे, असे म्हणा ना!

तर आता व्यवहार.

पहिली गोष्ट, साधे जनरेटर कधीही समांतर जोडू नका. भार वाटून घ्या. एसी एकावर, बाकी सगळे दुसऱ्यावर. दोन्ही सर्किट पूर्ण वेगळी हवीत, न्यूट्रलसुद्धा एकत्र करायचा नाही.

दुसरी, समांतरच हवे असेल तर उत्पादकाने परस्परांशी चालतील असे सांगितलेले इन्व्हर्टर संच आणि त्यांचेच पॅरलल किट घ्या. पुस्तिकेतला क्रम मोडू नका. २ केव्हीएचे दोन मिळून साधारण १७ अँपिअर होतात, म्हणजे नेहमीच्या १६ अँपिअर सॉकेटच्या वर. केबल, सॉकेट, ब्रेकर त्या मापाचे हवेत.

तिसरी, अर्थिंग. अनेक छोट्या जनरेटरचा न्यूट्रल कुठेच जोडलेला नसतो, आणि तशा स्थितीत आरसीसीबी लावूनही भरवशाने पडत नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या.

चौथी, धूर. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी तो रक्ताला चिकटतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. जनरेटर किमान ६ मीटर दूर, उघड्यावर, एक्झॉस्ट गाडीकडे नको, वारा गाडीकडून जनरेटरकडे वाहणारा. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. दोन यंत्रे म्हणजे धूरही दुप्पट. पेट्रोल भरायचे ते यंत्र बंद करून, थंड झाल्यावरच.

आणि शेवटची. कुणाच्या घराच्या, हॉटेलच्या सॉकेटमध्ये दोन्हीकडे पिना असलेली वायर खुपसून जनरेटरची वीज उलटी सोडू नका. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी काम करतो. आपले २३० व्होल्ट पलीकडे ११,००० होऊन बाहेर पडतात, आणि ‘लाइन बंद आहे’ म्हणून कुणी वायरमन खांबावर चढलेला असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा चेंजओव्हर स्विच असेल तर हे घडूच शकत नाही. त्याला थोडे पैसे पडतात, ते घालावेत. नीतिशास्त्रात आम्ही ‘दुसऱ्याविषयीचे कर्तव्य’ शिकवतो, तेव्हा हा ‘दुसरा’ फार दूरचा, पुस्तकातला वाटतो. इथे तो त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे. आपण त्याला ओळखत नाही, तो आपल्याला ओळखत नाही, आणि तरी आपण स्विच लावला की नाही यावर तो संध्याकाळी घरी जाणार की नाही हे ठरते.